थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा

"तुझं ते हॉस्पिटल परत झोपलंय," आईने चहाचा कप पुढ्यात ठेवता ठेवता सांगितलं. "खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा फोन आला होता. सकाळपासून नंबर लावतायत बिचाऱ्या, लागेना."

"हॉस्पिटल नाही गं आई. वेबसाइट."

"तेच ते."

तीन बहिणींमध्ये ती दुसरी, म्हणून घरात आणि पुढे ऑफिसातही सगळे तिला मधलीच म्हणत. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची वेबसाइट ज्या छोट्या कंपनीकडे होती, तिथे मधली सर्व्हर सांभाळायची. डॉक्टरांच्या भेटीची वेळ घ्यायची असो की तपासणीचा रिपोर्ट बघायचा असो, सगळं त्या वेबसाइटवरून व्हायचं. आईने मोठ्या कौतुकाने साऱ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं की हॉस्पिटलचा कॉम्प्युटर माझ्या मुलीच्या हातात आहे. आता त्या कौतुकाची परतफेड चालू होती. ज्याला त्याला आईचा नंबर ठाऊक होता.

"काय म्हणतं ते पेज?" मधलीने विचारलं.

"काहीतरी चुकलंय म्हणतं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा म्हणतं. मग त्या पुन्हा करतात, मग ते पुन्हा तेच म्हणतं." आई समोर बसली. "मला सांग, काय चुकलंय ते सांगायला काय होतं त्याला?"

मधलीने चहा अर्धा टाकला आणि पर्स उचलली. आईचा प्रश्न रास्त होता, आणि सकाळी सकाळी रास्त प्रश्न ऐकायची तिची तयारी नव्हती.

ऑफिस शिंप्याच्या दुकानावर होतं. खाली शिवणयंत्रं घरघरत असायची आणि वर पंखा. मधली पोचली तेव्हा प्रोग्रॅम लिहिणारा सहकारी कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याची दाढी छातीपर्यंत आली होती, म्हणून सगळे त्याला दाढीवालाच म्हणत. तोही ते मनावर घेत नसे.

"पाचशे दोन," तिने स्क्रीन उघडून सांगितलं.

"म्हणजे तुझं," तो हेडफोन न काढताच म्हणाला.

"माझं कसं? पाचशे दोन म्हणजे दारावरच्या सर्व्हरने आत हाक मारली आणि आतून धड उत्तर आलं नाही. दार माझं, आतला प्रोग्रॅम तुझा. दार उघडं आहे. आत कोणी आहे का, ते तू बघ."

"माझ्या लॉगमध्ये एकही एरर नाही. बघ हवं तर."

तिने पाहिलं. खरंच नव्हती. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदवहीत, ओळीमागून ओळी अगदी शहाण्या मुलांसारख्या उभ्या होत्या. या माणसाने पेज मागितलं, मिळालं. त्या माणसाने रिपोर्ट मागितला, मिळाला. मग मध्येच ओळी थांबायच्या, थोडी पोकळी, आणि पुन्हा प्रोग्रॅम सुरू झाल्याची नोंद.

"हे बघ, मध्येच बंद पडून परत सुरू होतोय."

"कोण बंद पाडतंय त्याला? तुझा सर्व्हरच ना?" दाढीवाला म्हणाला आणि पुन्हा स्वतःच्या स्क्रीनकडे वळला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

तिने सर्व्हर रीस्टार्ट केला. साइट चालू झाली. साहेब केबिनमधून डोकावून शाबासकीचा अंगठा दाखवून गेले. साहेबांना साइट चालू आहे की बंद आहे, एवढंच कळायचं. मधलं काही असतं हे त्यांना मान्य नव्हतं. तासाभराने साइट पुन्हा पडली. तिने पुन्हा उठवली. दुपारी पुन्हा.

जिथे सर्व्हर ठेवला होता त्या कंपनीला तिने फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर मदतकक्षातला माणूस बोलायला आला. त्याने तिला ब्राउझरचा कॅश, म्हणजे त्यात साठलेला जुना मजकूर, साफ करायला सांगितलं.

"दादा, माझ्या कॅशचा काय संबंध? सगळ्यांनाच दिसत नाहीये."

"मॅडम, आधी ती पायरी करावी लागेल, तरच मला पुढची उघडता येते."

तिने ती पायरी केल्याचं सांगितलं. मग त्याने तिला कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. तेव्हा मात्र तिने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं.

गेला आठवडाभर हेच चाललं होतं. रोज पडायची, रोज उठवायची. आणि रोज संध्याकाळी आई विचारायची, "झालं का नीट?" जणू नळ गळतोय आणि मुलगी वॉशर आणायला विसरतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने ठरवलं की आज पडली की लगेच उठवायची नाही. आधी बघायचं. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, तरी तिने मान वर केली नाही.

"बंद आहे," साहेब म्हणाले.

"माहीत आहे."

"मग चालू करा ना!"

"साहेब, दोन मिनिटं द्या. रोज आपण मेलेल्याला उठवतोय, मारतंय कोण ते बघतच नाही."

तिने सर्व्हरच्या अगदी तळाची नोंद उघडली, जिथे यंत्र स्वतःशीच बोलतं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: मेमरी संपली, म्हणून सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम मारून टाकला. तो प्रोग्रॅम म्हणजे दाढीवाल्याचा. आता तिच्या लक्षात आलं, त्याच्या लॉगमध्ये काही का नव्हतं ते. काम पूर्ण झालं की मग तो प्रोग्रॅम ओळ लिहायचा. काम चालू असतानाच मेला तर ती ओळ लिहिणार कोण?

पण दारावरचा सर्व्हर तिचा होता, आणि तो मेला नव्हता. आत धाडलेली आणि उत्तर न आलेली प्रत्येक मागणी त्याने नोंदवून ठेवली होती. तिने आठवडाभरातली प्रत्येक पडझड काढली आणि तिच्या ऐन आधीची मागणी बघितली. मग पाठ ताठ करून बसली.

प्रत्येक वेळी एकच रिपोर्ट. एकच क्रमांक. मागणाराही एकच, एकाच इंटरनेट-पत्त्यावरून.

"अरे, इकडे ये," तिने दाढीवाल्याला हाक मारली. आवाजात असं काहीतरी होतं की त्याने हेडफोन काढला. "कोणीतरी हा एकच रिपोर्ट उघडतंय आणि उघडला की तुझा प्रोग्रॅम मरतोय."

त्याने वाकून पाहिलं. "एवढ्या वेळा? हा माणूस नाही. हे मशीन आहे. हल्ला आहे हा."

हल्ला हा शब्द केबिनपर्यंत पोचला. साहेब लगबगीने बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदाच तकाकी आली होती. साइट पडणं म्हणजे नाचक्की, पण हल्ला होणं म्हणजे जवळजवळ मान.

"ब्लॉक करा त्याला," साहेब म्हणाले.

"साहेब, हा हल्ला वाटत नाही मला. हे बघा, मशीन ठरावीक अंतराने मागतं. हा कधी पटापट मागतो, कधी बराच वेळ गप्प. दुपारी जेवायच्या वेळेला तर थांबतोच. आणि रात्री झोपतो."

"हल्लेखोर जेवत नाहीत असं कुठे लिहिलंय?" दाढीवाला म्हणाला.

"मधल्या मॅडम," साहेब अडचणीत आले की असं म्हणायचे, "हॉस्पिटलच्या संचालकांचा मला दिवसातून तीनदा फोन येतो. तुम्हाला येत नाही. ब्लॉक करा."

तिने ब्लॉक केलं. रागाने केलं, कळ दाबताना बोट दुखावं इतकं जोरात, पण केलं. त्या पत्त्यावरून येणाऱ्याला आता वेगळं पेज दिसणार होतं, चारशे तीन: तुम्हाला इथे प्रवेश नाही.

साइट चालू झाली आणि चालू राहिली. साहेबांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी कॉफी आणली. दाढीवाला गाणं गुणगुणू लागला. मधली मात्र दाराच्या लॉगकडे बघत बसली. तो माणूस येतच होता. प्रवेश नाही. प्रवेश नाही. प्रवेश नाही. मग थांबला. ती सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात दुसऱ्याच पत्त्यावरून तोच रिपोर्ट मागितला गेला, आणि साइट धाडकन पडली.

"पाहिलंत?" साहेब केबिनमधून ओरडले. "जागा बदलतोय तो!"

"साहेब, त्याने दुसरा फोन घेतलाय हातात," मधली म्हणाली. "घरातल्या कोणाचा तरी. आपणही तेच केलं असतं."

कोणी ऐकलं नाही. साहेब नव्या पत्त्यालाही ब्लॉक करायचं फर्मान सोडून फोनवर गेले होते. मधलीने कॉफीचा कप बाजूला सारला आणि जिन्यात जाऊन हॉस्पिटलच्या रिपोर्ट विभागाला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजल्यावर काउंटरवरच्या बाईंनी उचलला.

"वेबसाइट बंद असेल तर मी काही करू शकत नाही," बाईंनी तिचं नावगाव विचारायच्या आधीच सुनावलं.

"मी वेबसाइटकडूनच बोलतेय."

पलीकडे बाईंचा बांध फुटला. "तुम्हीच का त्या? अहो, लोक मला शिव्या घालतात! समोर उभे राहून! मी काय केलंय? तुम्ही तिथे लिहिता काहीतरी चुकलंय, आणि चुकलेलं तोंड कोणाचं दिसतं, तर माझं! काउंटरवरून कागद देणं बंद करायला लावलं तुमच्या साहेबांनीच, सगळं ऑनलाइन होणार म्हणून. आता काय ऑनलाइन होतंय?"

मधलीने जिन्याच्या कठड्याला टेकून सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलायला जागाही नव्हती. बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण मला एक क्रमांक सांगायचाय. हा रिपोर्ट कोणाचा आहे ते मला नको. तुम्ही फक्त बघा, त्यात काय वेगळं आहे."

कळफलकाचा आवाज आला. मग बाई वेगळ्याच स्वरात म्हणाल्या, "अगं बाई. ही फाइल उघडेचना माझ्याकडे. केवढी आहे ही? लॅबमध्ये नवीन मशीन आलंय ना, त्यांनी तपासणीच्या नमुन्यांच्या सगळ्या काचपट्ट्यांचे मोठ्ठे फोटो घातलेत आत. रिपोर्ट एक पानाचा असतो हो!" त्या थांबल्या. "आणि हा माणूस मला माहीत आहे. रोज फोन करतो. खिडक्यांना काचा बसवायचा धंदा आहे त्याचा. बायकोचा रिपोर्ट आहे."

"मग तुम्ही काय सांगता त्याला?"

"काय सांगणार? वेबसाइटवर बघा म्हणते."

खाली शिवणयंत्र थांबलं होतं.

"त्याच्याशी बोलता येईल का?" मधलीने विचारलं.

नियमात बसत नव्हतं. बाईंनी ते सांगितलं, आणि मग सांगता सांगताच त्याला फोन जोडला.

"हॅलो?" आवाज मोठा होता, मागे कुठेतरी रस्ता वाहत होता.

"काका, मी हॉस्पिटलच्या वेबसाइटकडून बोलतेय. तुम्ही एक रिपोर्ट उघडायचा प्रयत्न करताय ना?"

"होय, होय ताई. माझं काही चुकतंय का? मी शिकलेलो नाही फार. ते म्हणतं काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने करा. मी थोड्या वेळाने करतो. आज म्हणालं तुम्हाला प्रवेशच नाही. मी फार वेळा दाबलं म्हणून का?" तो घाईघाईने बोलत होता, मध्येच कोणी फोन कापेल अशा भीतीने. "मग बायकोच्या फोनवरून केलं. एरवी माझ्याच फोनवरून आळीपाळीने करतो आम्ही. ती सकाळी, मी दुपारी. आता नाही करणार, ताई. मला तो प्रवेश परत द्या फक्त."

"तुमचं काही चुकलेलं नाही, काका. चूक आमची आहे. फाइल मोठी आहे, आमच्या प्रोग्रॅमला झेपत नाही."

"आमची नाही ना?"

"नाही. अजिबात नाही."

"बरं झालं सांगितलंत." त्याने एक लांब श्वास घेतला, तो फोनवर नीट ऐकू आला. "आठवडा झाला, कामावर जात नाही मी. हात स्थिर राहत नाहीत, काच कापायची म्हणजे... डॉक्टरांनी सांगितलं होतं, रिपोर्ट आला की लगेच भेट घ्या. पण रिपोर्ट उघडल्याशिवाय भेटीचं बटणच येत नाही तिथे."

ते बटण मधलीला ठाऊक होतं. रिपोर्ट न बघताच लोक भेटीच्या वेळा अडवून ठेवतात, म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून दाढीवाल्याने तशी सोय केली होती. सोय म्हणे.

काउंटरवरच्या बाई फोनवरच होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "तुम्ही या हो इकडे. आत्ता या. मी लॅबमध्ये जाऊन ते एक पान छापून आणते. बघते कोण मला नाही म्हणतं ते. आणि भेटीचं पण मीच बघते."

वर आल्यावर मधलीने पहिलं काम केलं ते दोन्ही पत्ते मोकळे करायचं. मग ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि दाढीवाल्यालाही बोलावून घेतलं. झालेलं सगळं सांगताना तिचा आवाज चढत गेला. तिला तो खाली आणता येईना.

"एवढी मोठी फाइल टाकायचीच कशाला?" दाढीवाला म्हणाला. "ही लॅबची चूक."

"आणि तू प्रत्येक पानावर हॉस्पिटलचं बोधचिन्ह उमटवायला ती अख्खी फाइल मेमरीत घेतोस, ती कोणाची चूक? एक माणूस एक बटण दाबतो आणि अख्ख्या शहराचं हॉस्पिटल बंद पडतं. कसला प्रोग्रॅम आहे हा?"

"बोधचिन्ह हवंच असं साहेबांनी सांगितलं होतं."

दोघांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "झालं ते झालं. आता करा दुरुस्त."

दाढीवाल्याने केलं. कुरकुरत केलं, पण बसून केलं, आणि चांगलं केलं. मोठी फाइल आली की शिक्का न मारता तशीच पुढे जाऊ लागली. संध्याकाळपर्यंत तो रिपोर्टही उघडायला लागला. तोवर त्याची कोणाला गरज उरली नव्हती.

मधलीला वाटलं होतं, कारण सापडलं की डोक्यावरचं ओझं उतरेल. तसं झालं नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, "झालं का नीट?"

"झालं."

"मग तोंड असं का?"

मधलीने सांगितलं. आई ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली, "आठवडाभर दाबत होता?"

"आणि आम्ही त्याला म्हणत होतो पुन्हा प्रयत्न करा. तो केवळ आमचं ऐकत होता गं. जितकं ऐकत होता तितकी साइट पडत होती. खालच्या शिक्षिकाबाईंची, सगळ्यांचीच. आणि शेवटी आम्ही त्यालाच बाहेर काढलं."

आईने उठून मधलीच्या ताटात गरम भात वाढला आणि मघाचा गार झालेला काढून स्वतःच्या ताटात घेतला.

दोन दिवसांनी काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. काचवाला बायकोला घेऊन डॉक्टरांना भेटून गेला होता. गाठ होती. पसरलेली नव्हती. उपचार लगेच सुरू होणार होते. आठवड्याने फार फरक पडत नाही असं डॉक्टर म्हणाल्याचं बाईंनी सांगितलं. मधलीने त्यावर बराच वेळ विचार केला आणि तिला ते तितकंसं पटलं नाही. डॉक्टरांच्या कामाला फरक पडला नसेल. त्या दोघांना पडला होता.

त्याच दिवशी साहेबांनी हॉस्पिटलला पाठवलेल्या मेलची प्रत तिला मिळाली. बाहेरून आलेला असामान्य भार आमच्या टीमने यशस्वीरीत्या परतवला, असं त्यात होतं. ती मेल छापून केबिनमध्ये गेली.

"असामान्य भार म्हणजे तो काचवाला का, साहेब?"

"अहो, लिहायची एक पद्धत असते."

"मग एक पेज मलाही लिहू द्या. साइट पडेल तेव्हा लोकांना जे दिसतं ते." तिने आणलेला कागद समोर ठेवला. त्यावर लिहिलं होतं: आमच्याकडे बिघाड झाला आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, काम तातडीचं असेल तर या नंबरवर फोन करा.

साहेबांनी दोनदा वाचलं. "आमच्याकडे बिघाड असं कसं लिहायचं? उद्या कोणी केस टाकली तर? आणि तुमचं काही चुकलेलं नाही हे कशाला? आपण कुठे म्हटलं चुकलंय?"

"न म्हणताच लोकांना वाटतं ते."

अर्धा तास वाद झाला. पहिलं वाक्य साहेबांनी खोडलं. दुसरंही खोडलं. तिने तिसऱ्यासाठी हट्ट धरला आणि तो तेवढा टिकला. भेटीचं बटण मोकळं करायचं मात्र पुढच्या बैठकीवर गेलं. ती बैठक कधी होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नवं पेज त्याच दुपारी चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागेवर बसतेय तोच फोन वाजला.

"अहो, तुम्हीच का त्या?" काउंटरवरच्या बाईंचा आवाज कडाडला. "तुमच्या त्या पेजवर माझा नंबर कोणी टाकला?"

मधलीने डोळे मिटले. नंबर साहेबांनी भरला होता, तिला न विचारता.

"मी नाही, बाई. पण मी आता बदलते."

"बदला! लगेच बदला! मला इथे माणसांकडे बघायचंय!"

फोन आपटला गेला. दाढीवाल्याने हेडफोन जरा सरकवला. "आता काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. ते पेज उघडून तिने बाईंचा नंबर पुसला आणि स्वतःच्या टेबलावरच्या फोनचा टाकला. साहेबांना सांगायचं तिने दुपारपर्यंत लांबणीवर टाकलं.